मापातले पाणी

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने आदेश काढला: बागेला, गाडी धुवायला, बांधकामाला किंवा शोभेच्या कारंज्याला पिण्याचे पाणी वापराल तर ५,००० रुपये दंड. त्या उन्हाळ्यात शहरातल्या हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या आणि टँकरचे दर प्रशासनाला ठरवून द्यावे लागले होते. आदेशावर भरपूर चर्चा झाली. पण आपल्या दारातल्या हिरवळीला दिवसाला किती लिटर पाणी लागते, हे फार थोड्यांना सांगता आले असते. माळ्याला विचारले तर तो म्हणतो, ‘सकाळी अर्धा तास पाइप सोडतो.’ अर्धा तास हे वेळेचे माप झाले. पाण्याचे नव्हे.

हा हिशेब पोटापाण्यासाठी करणाऱ्या माणसाला सिंचन तंत्रज्ञ म्हणतात आणि आता त्याच्यासाठी रीतसर परीक्षा असते. सिंचन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऊस, केळी आणि डाळिंबाची बाग येते. या प्रकरणात मात्र मी मुद्दाम शहरातली जागा घेतली आहे: पश्चिम बेंगळुरूतले राजाजीनगर. शेतात चार लिटर जास्त गेले तर ते जमिनीत मुरतात आणि कुणी विचारत नाही. शहरात तेच पाणी कावेरीवरून सुमारे शंभर किलोमीटर लांबून, टप्प्याटप्प्याने पंपाने उचलून आणलेले असते. चूक लगेच बिलात दिसते, किंवा खालच्या पार्किंगच्या छतातून गळते.

राजाजीनगरचे नाव चक्रवर्ती राजगोपालाचारींवरून पडले. ब्लॉक, मेन आणि क्रॉस अशी इथली आखणी. जुन्या घरांपुढे अजून नारळाची झाडे आहेत, गच्च्यांवर कुंड्यांच्या बागा आहेत आणि पलीकडे औद्योगिक वसाहत आहे. डॉ. राजकुमार रस्त्यालगत, मल्लेश्वरमच्या सीमेवर, पूर्वी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी ही कंपनी १९४६ मध्ये बेंगळुरूत उभी केली. किर्लोस्करवाडीचा पंप आणि किर्लोस्करांची मोटार ही जोडी मराठी शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. त्या कारखान्याच्या जागेवर आता ब्रिगेड गेटवे नावाचे संकुल आहे: उंच इमारती, मॉल, एक कृत्रिम तळे आणि राखावी लागणारी हिरवळ. मोटार बनवणाऱ्यांच्या जागी पाणी मोजणाऱ्यांची गरज निर्माण झाली, इतकाच हा बदल.

पाणी मोजून देणारा माणूस या मुलखाला नवा नाही. जुन्या म्हैसूर प्रांतात गावतळ्याचे पाणी वाटणाऱ्याला नीरुगंटी म्हणत. तूब, म्हणजे तळ्यातून पाणी सोडायचे दार, किती उघडायचा, कुणाच्या खाचराला आधी आणि कुणाच्या नंतर, हे तो ठरवी. आपल्याकडे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत चालली. तिथे पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी आणि हवालदार सगळ्यांवर देखरेख ठेवी. एका फडात एकच पीक घ्यायचे, म्हणजे पाण्याच्या पाळीचा हिशेब सोपा. या लोकांची परीक्षा रोजच होई. शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचले नाही की निकाल संध्याकाळी चावडीवर लागे.

कागदावरची परीक्षा देऊन पाण्याच्या कामाला लागलेल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध माणूस बेंगळुरूतूनच पुण्याला गेला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. केले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकायला आले. १८८३ च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले, जेम्स बर्कली पारितोषिक मिळाले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला नेमणूक झाली. पुस्तकी हुशारीचा कस लागला तो खानदेशात. पांझरेच्या पाटावर पाइपाचा वक्रनलिकेसारखा सायफन बांधायचे काम त्यांच्याकडे आले. पुढे १८९९ च्या सुमारास त्यांनी नीरेच्या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. गावाची जमीन गटांत वाटायची, पिकांचा फेर ठरवायचा आणि पाणी त्या हिशेबाने सोडायचे. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे १९०३ चे. हा तरुण अभियंता ज्या पांझरेवर पहिली कामे करत होता, तिथेच फड पद्धत शतकानुशतके चालत आली होती. ब्लॉक पद्धत आणि फड यांच्यातले साम्य नजरेत भरते, असे माझे मत आहे.

आता आजची परीक्षा. डिसेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. प्रत्येक धंद्यातल्या कामाचे नेमके वर्णन करायचे, त्यासाठी काय यायला हवे ते लिहायचे आणि त्याप्रमाणे माणसाची चाचणी घ्यायची, अशी ही रचना आहे. शेतीच्या क्षेत्रात हे काम भारतीय कृषी कौशल्य परिषद करते. तिच्या यादीत ‘सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ’ हे काम चौथ्या स्तरावर आहे. ठिबक आणि तुषार संचाची आखणी समजणे, तो बसवणे, चालवून दाखवणे, त्याची निगा राखणे आणि हे सगळे करताना स्वतःला व दुसऱ्याला इजा होऊ न देणे, एवढे त्याला यायला हवे. चाचणीत लेखी प्रश्न असतात, हाताने करून दाखवायचे काम असते आणि तोंडी प्रश्नही असतात. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा भाग.

वर्षानुवर्षे काम करूनही हातात कागद नाही, अशा माणसांसाठी पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ती आरपीएल या नावाने ओळखली जाते. लांबलचक वर्ग नाहीत. थोडी ओळख करून देतात आणि थेट मूल्यमापन करतात. सांगलीहून किंवा बेळगावहून बेंगळुरूला जाऊन बागकामाच्या ठेक्यावर राबणाऱ्या मराठी माणसाला हाच रस्ता जवळचा. मात्र प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत मिळेल हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे. कन्नड वाचता येत नाही हे परीक्षेच्या सकाळी कळून उपयोग नाही. तोंडी परीक्षेत अडचण कमी येते, कारण फिल्टर, व्हेंचुरी, लॅटरल, एंड कॅप ही नावे जळगावात जी तीच बेंगळुरूच्या यशवंतपुरात.

अमेरिकेत इरिगेशन असोसिएशन ही संस्था अशाच परीक्षा घेते. तंत्रज्ञ, आराखडा करणारा आणि हिरवळीच्या सिंचनाची तपासणी करणारा, अशी वेगवेगळी प्रमाणपत्रे तिथे आहेत. त्यांतला तपासनीस आपल्याकडे अजून दुर्मीळ आहे. त्याचे काम पुढे येईलच.

तयारी कशी करावी? गाइडे पाठ करून हा विषय येत नाही. एक दाबमापक, एक मोजपात्र, एक घड्याळ आणि एक वही घेऊन फिरणाऱ्याला तो येतो. राजाजीनगरच्या एकाच गल्लीत अर्ध्याहून अधिक अभ्यासक्रम पाहायला मिळतो.

दाबापासून सुरुवात करू. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ तळाशी साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो. तळमजल्यावर दोन मजले असलेल्या घराच्या गच्चीवरची टाकी जमिनीपासून अंदाजे १० मीटर उंच असते. म्हणजे अंगणातल्या नळाला १ किलो दाब मिळाला. साध्या ठिबकला तेवढा पुरतो. हिरवळीवर वर उसळणाऱ्या फवाऱ्यांना साधारण २ किलो लागतो, त्यामुळे त्यांच्यासाठी पंप हवा. त्याच घराच्या गच्चीवर कुंड्यांची बाग असेल तर गोष्ट उलटी होते. टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम दीड मीटर वर, दाब ०.१५ किलो. बाजारातले नेहमीचे ड्रीपर, म्हणजे थेंबाथेंबाने पाणी सोडणाऱ्या ठिबकच्या तोट्या, तिथे धड चालत नाहीत. कमी दाबाचे ड्रीपर घ्या किंवा छोटा पंप बसवा. टाकी मोठी केली तर दाब वाढेल असे बहुतेकांना वाटते आणि तोंडी परीक्षेत इथेच मंडळी घसरतात. ५०० लिटरची असो वा ५,००० ची, पाण्याची उंची तीच असेल तर दाबही तोच.

दाबाचा दुसरा धडा नळीच्या आत आहे. पाणी वाहते तेव्हा नळीच्या भिंतींशी घासून दाब खर्च होतो. प्रवाह तेवढाच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला तर ही घट दुप्पट किंवा चौपट होत नाही, जवळजवळ तीसपट होते. दुकानदाराने ३२ मिलिमीटरच्या ऐवजी १६ ची गुंडाळी गळ्यात मारली की शेवटच्या कुंडीपर्यंत पाणी का जात नाही, ते इथे कळते. साध्या ड्रीपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. १ किलो दाबाला ताशी ४ लिटर देणारा ड्रीपर ०.६४ किलोवर ३.२ लिटर देतो. दाब एकतृतीयांशाहून जास्त उतरला, पाणी फक्त एकपंचमांश उतरले. चढउतार असेल तर दाब स्वतः सांभाळणारे ड्रीपर वापरतात. ते महाग असतात, म्हणून सपाट जागेवर लावण्यात अर्थ नाही.

इथे औद्योगिक वसाहतीकडे एक वळसा घेतो. १९७२ मध्ये डेन्मार्कच्या सहकार्याने सुरू झालेले गव्हर्नमेंट टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर राजाजीनगरच्या या वसाहतीत आहे. तिथे साचे बनवणारे कारागीर घडतात. ड्रीपरच्या पोटात पाण्याला नागमोडी वाटेने फिरवून त्याचा जोर मारलेला असतो, आणि ती वाट प्लास्टिकच्या साच्यातच कोरावी लागते. साचा जरा घसरला की एकाच पिशवीतले दोन ड्रीपर वेगवेगळे पाणी देतात. कारखान्यातून निघालेल्या ड्रीपरमधला हा फरक किती, हे एका गुणांकाने मोजतात. तो ५ टक्क्यांच्या आत असावा. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोने ड्रीपरसाठी आयएस १३४८७ आणि आतच ड्रीपर असलेल्या इनलाइन नळीसाठी आयएस १३४८८ ही मानके केली आहेत. नळीवर छापलेला आकडा वाचता येणे हाही परीक्षेचा भाग समजावा.

आता हिरवळीचा हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. हे एक वाक्य पक्के असेल तर निम्मी आकडेमोड तोंडी होते. बेंगळुरूत मार्च-एप्रिलमध्ये बाष्पीभवन आणि पानांतून होणारे उत्सर्जन मिळून दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर धरू. हिरवळीचा गुणांक ०.८ घेतला तर गरज ४ मिलिमीटर. १०० चौरस मीटर हिरवळीला ४०० लिटर. फवाऱ्याने दिलेले सगळे पाणी मुळांना मिळत नाही, कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर पंपातून ५३३ लिटर सोडावे लागतात. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावे, असा आपल्या देशातला नियोजनाचा दंडक आहे. म्हणजे १०० चौरस मीटर गवत चार माणसांच्या कुटुंबाइतके पाणी पिते. दंडाचा आदेश ऐकून चिडलेल्या सोसायटीच्या सभासदाला हा हिशेब दाखवावा.

रोज ५३३ लिटर द्यावेत असाही याचा अर्थ नाही. किती पाणी साठवायचे ते माती ठरवते. बेंगळुरूची तांबडी माती काळ्या मातीपेक्षा हलकी असते. संकुलातल्या बागा तर बऱ्याचदा पार्किंगच्या छतावर, जेमतेम एक फूट मातीत केलेल्या असतात. अशी माती मीटरभर खोलीला झाडाला मिळण्याजोगे साधारण १०० मिलिमीटर पाणी धरते असे मानू. फूटभर थरात ३० मिलिमीटर. त्यातले निम्मे संपले की पाणी द्यायचे, म्हणजे १५ मिलिमीटर. रोजचे ४ संपतात, तेव्हा पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिले तरी चालते. एकदम जास्त दिले तर ते खाली उतरून छताच्या फटी शोधते. वाफसा टिकवणे हे कामाचे सूत्र. खानदेश-मराठवाड्यातल्या काळ्या रानात ठिबकखालचा ओलावा आडवा पसरतो, तांबड्या मातीत तो खाली उतरतो. गावाकडच्या सवयीने ६० सेंटिमीटरवर ड्रीपर बसवले तर इथे दोन ड्रीपरमधली रोपे कोरडी राहतात. इथे अंतर कमी हवे आणि पाणी थोड्या थोड्या वेळाने द्यायला हवे. परीक्षेत हा प्रश्न ‘मातीनुसार ड्रीपरचे अंतर’ अशा रुक्ष भाषेत येतो.

या सगळ्या आकडेमोडीत एक गृहीत लपलेले आहे: पाणी सगळीकडे सारखे पडते. ते पडत नाही. हे पडताळण्याची पद्धत साधी आहे, तरी मला ती या विषयातली सर्वांत देखणी वाटते. एकसारख्या तोंडाचे सोळा डबे हिरवळीवर ठरावीक अंतराने मांडायचे. फवारे पंधरा मिनिटे चालवायचे. मग प्रत्येक डब्यातले पाणी मोजपात्राने मोजून वहीत लिहायचे. सोळा डब्यांची सरासरी ४० मिलिलिटर आली आणि सर्वांत कोरड्या चार डब्यांची २६ आली, तर २६ भागिले ४० म्हणजे ६५ टक्के. सर्वांत गरीब चौथा भाग सरासरीच्या कितवा हिस्सा मिळवतो, एवढेच हे मोजमाप सांगते. पाणी किती समान पडते याचा गुणांक कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ख्रिश्चनसेन यांनी १९४२ मध्ये मांडला होता. त्याच विचाराची ही पुढची आवृत्ती.

६५ टक्क्यांचा अर्थ काय? कोरड्या कोपऱ्यातले गवत जगवायचे तर सगळीकडे दीडपट पाणी ओतावे लागणार. माळी नेमके हेच करतो. कोपरा पिवळा दिसला की वेळ वाढवतो, आणि मधली हिरवळ चिखलात बुडते. तंत्रज्ञाने आधी नोझल पाहायचे: एखादे अडले आहे का, वाकडे झाले आहे का, दोन फवाऱ्यांमधले अंतर त्यांच्या फेकीपेक्षा जास्त आहे का, दाब कमी पडतो का. ते दुरुस्त करून पुन्हा डबे मांडायचे. परदेशात ज्या तपासनिसाला वेगळे प्रमाणपत्र मिळते त्याचे मुख्य काम हेच. आपल्या परीक्षेत ठिबकचा असाच हिशेब विचारतात: सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे ड्रीपर निवडून प्रत्येकाखाली पेला ठेवायचा. चांगल्या संचात हा आकडा ९० च्या आसपास असतो.

फिल्टरचे प्रकरण शेतकऱ्याला पाठ असते, शहरी माणसाला नसते. कूपनलिकेतून वाळू येते, तिच्यासाठी पाणी गरगर फिरवून वाळू खाली पाडणारा हायड्रोसायक्लोन. शेवाळ आणि सेंद्रिय गाळासाठी वाळूचा फिल्टर. त्यानंतर जाळीचा किंवा चकत्यांचा. खत देण्याची व्हेंचुरी या शेवटच्या फिल्टरच्या आधी बसवायची, नंतर नाही. न विरघळलेले खताचे खडे जाळीत अडकलेले परवडतात, ड्रीपरमध्ये अडकलेले परवडत नाहीत. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक असतो. दोन आकड्यांतला फरक ०.५ किलोच्या वर गेला की धुवायची वेळ झाली.

मार्च २०२४ नंतर बेंगळुरूत या भागाला वेगळेच महत्त्व आले. पिण्याचे पाणी बंद म्हटल्यावर बागेला उरले ते प्रक्रिया केलेले सांडपाणी. मोठ्या संकुलांत त्याचे संयंत्र असतेच. या पाण्यात नत्र असते, झाडांना ते चालते. पण जिवाणूंचा चिकट थरही असतो आणि तो ड्रीपर बुजवतो. क्षार असतात, ते मातीत साठतात. म्हणून अधूनमधून क्लोरीन देणे, नळ्यांची टोके उघडून धुणे, पाण्याची क्षारता मोजणे ही कामे वाढतात. असे पाणी हवेत फवारू नये, तुषार माणसांच्या नाकातोंडात जातात. ठिबकनेच द्यावे. आणि एक नियम कुठल्याही परिस्थितीत मोडायचा नाही: या पाण्याची नळी आणि पिण्याच्या पाण्याची नळी कुठेही जोडलेली असता कामा नये.

घरगुती पातळीवरचा धोका याहून जवळचा आहे. बेंगळुरूच्या घरात जमिनीखालची टाकी एकच असते, तिला संप म्हणतात. त्यातूनच पिण्याचे पाणी वर चढते आणि त्यावरच कुणी बागेची व्हेंचुरी बसवतो. वीज गेली, पंप थांबला, पाणी उलटे फिरले तर युरियाचे द्रावण संपात जाते. दोन-चारशे रुपयांची एकमार्गी झडप ही आपत्ती टाळते. तोंडी परीक्षेत ‘ही झडप कुठे आणि का’ असे विचारले तर पुस्तकातली व्याख्या सांगू नये. हे उदाहरण सांगावे. हवेच्या झडपेचेही तसेच. पंप बंद होताच नळीत पोकळी तयार होते आणि जमिनीतले ड्रीपर तोंडाजवळचा चिखल आत ओढतात. झडप हवा आत घेऊन हे थांबवते.

सुरक्षिततेचे प्रश्न सोपे म्हणून लोक वाचत नाहीत आणि तिथेच गुण घालवतात. क्षार काढायला आम्ल वापरताना आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. आम्ल आणि क्लोरीन एकत्र करायचे नाहीत, विषारी वायू तयार होतो. मोटारीला हात लावण्यापूर्वी मुख्य कळ बंद करायची आणि दुसऱ्या कुणी ती चालू करणार नाही याची सोय करायची. प्रात्यक्षिकात नळीला भोक पाडताना हातमोजे विसरलात तर परीक्षक ते टिपतो.

प्रात्यक्षिकाबद्दल एवढेच सांगता येईल की हात बसलेला असावा. सबमेनला (पाणी वाटणाऱ्या नळीला) भोक पाडणे, ग्रोमेट (रबरी कडे) बसवणे, लॅटरल (ड्रीपरची नळी) जोडणे, आधी टोके उघडी ठेवून नळ्या धुणे आणि मग एंड कॅप लावणे. क्रम चुकला तर नळी कापतानाचा प्लास्टिकचा चुरा पहिल्याच दिवशी ड्रीपरमध्ये. ज्यांना पायाभूत गोष्टी मुळापासून शिकायच्या आहेत त्यांच्यासाठी दोन्ही राज्यांत जुनी घरे आहेत: छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) १९८० पासून, कर्नाटकाची वाल्मी धारवाडला. बेंगळुरूत हेब्बाळचे कृषी विद्यापीठ आणि हेसरघट्ट्याची भारतीय बागायती संशोधन संस्था जवळ आहेत.

आता वाचकांतल्या परीक्षार्थींना सोडून सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांशी बोलतो. प्रमाणपत्र असलेला तंत्रज्ञ कमी पैशांत येणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. बागेचा ठेका देताना दरपत्रकाबरोबर त्याचे प्रमाणपत्र मागा आणि सही करण्याआधी तुमच्याच हिरवळीवर त्याला सोळा डबे मांडायला सांगा. ज्याला ते जमेल आणि आलेला आकडा समजावून सांगता येईल, त्याला काम द्या.